मावशी, तुमचे आभार

आदरणीय मावशी,
प्रभू येशूच्या नावात सलाम.

आपल्याकडच्या लहान मंडळ्यांच्या वाट्याला पाळकसाहेब रोज येत नाहीत. अशा वेळी ज्या घरात माणूस शेवटच्या अवस्थेत आहे तिथे तुम्ही जाऊन बसता, आणि कसं बसायचं ते इतरांनाही शिकवता. त्यासाठी मंडळीच्या वतीने हे पत्र.

सगळ्यात मोठं काम म्हणजे तुम्ही लोकांची तोंडं आवरलीत. डॉक्टरांनी "आता घरी न्या" म्हटल्यावरही भेटायला येणारे "विश्वास ठेव, उठून वावरात जाशील" असं सांगत बसतात. मग माणूस गेला की घरच्यांच्या मनात कायमचं राहतं, आपलाच विश्वास कमी पडला. हे क्रूर आहे, असं तुम्ही तोंडावर बोलता, आणि ते खरंच आहे. आपली आशा आजार टळण्यावर नाही, ख्रिस्त मेलेल्यांतून उठला यावर आहे. बायबलमधला 1 करिंथ 15 हा अख्खा अध्याय तेच सांगतो. तसंच 1 थेस्सलनी 4:13 दाखवून रडणाऱ्या बाईला गप्प करणंही तुम्ही थांबवलंत. त्या वचनात प्रेषित पौल रडू नका म्हणत नाही, आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका म्हणतो. मेलेल्या लाजराला उठवायला निघालेला प्रभूसुद्धा त्याच्या कबरेकडे जाताना रडला.

वाचन थोडंच करायचं, हेही तुम्हीच शिकवलंत. स्तोत्र 23 ची सहा वचनं, सावकाश, कानाजवळ. डोळे मिटलेले असले तरी, कारण ऐकू येणं पुष्कळदा शेवटपर्यंत टिकतं. चौथ्या वचनावर थांबायचं. तोवर मेंढपाळाविषयी बोलणं चाललेलं असतं, तिथून थेट त्याच्याशी सुरू होतं: तू माझ्याबरोबर आहेस. थकलेल्या जिवाला तेवढं पुरतं. दहा जणांची मोठ्या आवाजातली प्रार्थना त्याला पेलत नाही.

गिळणं थांबलं की चमच्याने पाणी पाजायचं नाही, ते श्वासनळीत जातं. बोटाला स्वच्छ ओलं फडकं गुंडाळून ओठ आणि हिरड्या पुसायच्या, ओठांवर थोडं खोबरेल तेल. घरघर लागली तर कुशीवर वळवायचं. प्रभुभोजनाची भाकर गिळवत नसेल तर द्राक्षरसाचा एक थेंब ओठांना लावायचा.

दफनाचंही तसंच. पावसाळ्यात काळ्या मातीत कबर सरळ कापली तर कडा ढासळतात, म्हणून वर रुंद, खाली अरुंद. माती भरल्यावर हातभर उंचवटा ठेवायचा आणि एक पावसाळा जाईपर्यंत बांधकाम करायचं नाही. माती बसली की फरशी तडकते. मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत करायची, ही आठवणही तुम्हीच देता.

एक विनंती आहे. कापसाची वेचणी आटोपली की मंडळीतल्या दोघी-तिघींना तुमच्यासोबत घरोघरी न्या. त्यांच्या जाण्यायेण्याचं आणि जेवणाचं मंडळी पाहील.

प्रभूमध्ये आपले,
मंडळीचे वडीलजन