उलटतपासणीला बसू नकोस

चि. बेट्यास,
अनेक दुआ.

काल फोनवर तुझ्यामागे खोलीतल्या पोरांचा गलका होता, म्हणून मोकळं बोलता आलं नाही. शिवाय लिहायला बसलं की मला जास्त नीट सुचतं. मास्तरकीची सवय, दुसरं काय.

खोलीतली पोरं तुला विचारतात ते प्रश्न मला नवीन नाहीत. चार बायका, 'तुम्ही फक्त शुक्रवारीच अंघोळ करता का', मॅचला कुणाची बाजू घेता, आणि वर ते कौतुक, 'तू मुसलमान वाटतच नाहीस यार.' डी.एड.ला असताना मीही हे सगळं ऐकलंय. मला बोचलं ते तुझं उत्तर. 'मी तसलं काही पाळत नाही' असं सांगून मोकळा होतोस म्हणालास. रोजे तर सगळे धरतोस. मग हे कुणाच्या सोयीसाठी?

अंघोळीचंच घे. शुक्रवारच्या नमाजेआधी अंघोळ करून, स्वच्छ कपडे घालून जावं, यावर हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांत, भर आहे. ऐकणाऱ्यांनी त्यात 'फक्त' हा शब्द घरून घातला. पहाटे फजरला तुझे अब्बा नळाखाली वजू, म्हणजे नमाजेआधीचं हात-पाय धुणं, करतात ते आठव. आधी मनगटापर्यंत हात, मग चूळ, नाकात पाणी, तोंड धुणं, कोपरापर्यंत हात, ओला हात डोक्यावरून, शेवटी घोट्यापर्यंत पाय. थंडीत बघणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. दिवसातून पाच नमाजा, आणि वजू टिकली नाही की पुन्हा. तुझ्या आजोळी, जतकडे, टँकरची वाट बघायचे दिवस असत. पाणीच नसेल तर स्वच्छ मातीवर हात टेकून तोंडा-हातावरून फिरवायची सवलत आहे, तयम्मुम म्हणतात तिला. हे विचारणाऱ्या पोराला सांग, हसत सांग. त्याच्या घरी कुणी सांगितलं नसेल, त्यात त्याचा काय दोष?

चार बायकांचं मात्र हसण्यावारी नेऊ नकोस. कुराणात सूरह निसा या अध्यायात परवानगी आहे, आणि त्याच आयतीत 'न्याय करता येणार नाही अशी भीती असेल तर एकच' हेही आहे. प्रत्यक्षात काय चाललंय? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात नवऱ्याला आणखी बायको असल्याचं सांगणाऱ्या मुस्लिम स्त्रिया १.९ टक्के निघाल्या, हिंदू स्त्रिया १.३ टक्के. लोकसंख्येचं म्हणशील तर त्याच सर्वेक्षणात मुस्लिम बाईमागे मुलांचं प्रमाण २.३६ आहे; १९९२-९३ ला ते ४.४ होतं. आकडे पाठ असू देत. पण कुणी सवतीच्या दुःखाबद्दल विचारलं, तर आकडा तोंडावर फेकू नकोस. मला विचारशील तर ती परवानगी आज कुणी वापरू नये, आणि कायद्याने बंद झाली तर मी रडणार नाही.

तलाकचंही तसंच. कुराणात तलाकनंतर तीन पाळ्यांची मुदत आहे, आणि नवरा-बायकोत फाटलं तर दोन्हीकडचा एकेक माणूस मध्यस्थ नेमायला सांगितलंय. एका दमात तीनदा म्हणून संसार मोडायची पद्धत तिथे नाही. तरी कित्येक मौलवींनी ती शतकानुशतकं वैध धरली, आणि त्यात बायका रस्त्यावर आल्या, हेही खरं. तेव्हा 'हा इस्लाम नाहीच' म्हणून हात झटकू नकोस. आपल्या चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई १९६६ साली सात मुस्लिम बायकांना घेऊन मुंबईत मोर्चा काढून गेले, ते याचसाठी. त्यांना आपल्याच लोकांनी काय काय म्हटलं, ते तुझ्या दादाजींना विचार. पुढे अशीच तीनदा तलाक म्हणून सोडलेली शायरा बानो सुप्रीम कोर्टात गेली आणि २२ ऑगस्ट २०१७ ला पाचपैकी तीन न्यायाधीशांनी ती पद्धत रद्द ठरवली. २०१९ च्या कायद्याने नवऱ्याला तुरुंगात घालायची तरतूद केली, त्याबद्दल माझं मत वेगळं आहे, ते घरी आलास की बोलू. पण लढल्या त्या मुसलमान बायका, एवढं तुझ्या मित्रांना माहीत असायला हवं.

गैरसमज बाहेरच्यांनाच असतात असं मात्र समजू नकोस. मेहेर ही तलाक झाला तर द्यायची रक्कम, असं आपल्याच मोहल्ल्यात निम्मे लोक धरून चालतात. ती नवऱ्याने निकाहातच बायकोचा हक्क म्हणून, खुशीने द्यायची असते; कुराणात स्पष्ट आहे. आणि आपल्याकडे होतं काय? निकाहनाम्यावर एक रक्कम लिहायची, 'बाद में देंगे' म्हणायचं, आणि मुलीच्या बापाकडून मोटरसायकल, फ्रिज, कपाट मोजून घ्यायचं. कुराणात ज्याचा उल्लेखही नाही त्या हुंड्यासाठी बैठकी बसतात. तुझ्या लग्नात मेहेर निकाहच्या जागीच, सगळ्यांसमोर, नगद दिली जाईल आणि मुलीकडचं एक भांडंसुद्धा या घरात येणार नाही. आत्ताच लिहून ठेवतेय, म्हणजे तेव्हा कुणी फुप्पी-खाला मध्ये पडायला नको.

'इस्लाम काय म्हणतो' असं कुणी विचारलं की आधी त्याला विचार, कुणाचा? आपल्या एका घरात बघ. तुझे मोठे अब्बा धर्मप्रचाराला जमातीत जातात, फुप्पी मिरजेच्या दर्ग्यात चादर चढवते, आणि कडेगावच्या मोहरमचे गगनचुंबी ताबूत बघायला आपण सगळे जातो. ताबुतांच्या मानात तिथे हिंदू घराणीही आहेत. मोठे अब्बा म्हणतात ही बिदत, धर्मात मागाहून घुसलेली गोष्ट, फुप्पी म्हणते तुम्हाला काय कळतंय. जेवायला दोघं एकाच दस्तरखानावर. सेकंड इयरच्या पोराने सबंध इस्लामच्या वतीने बोलावं, अशी अपेक्षा कशाला?

आता ते 'वाटत नाहीस'. कसा वाटायला हवा होतास? आपण अत्तार. दादाजींच्या दुकानात हळद-कुंकू, बुक्का, ऊद, नाडे, काजळाच्या डब्या. जत्रेच्या आदल्या दिवशी कुंकू कागदात बांधून बांधून त्यांची बोटं लाल होतात, आणि दुपारनंतरची असरची अजान झाली की हात धुऊन मशिदीत जातात. गावगाड्यात मुलाणी बलुतेदार होता. श्रीगोंद्याचे शेख महंमद संतकवी होते. १९९० साली पुण्यात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, त्याचे अध्यक्ष यू. म. पठाण, संतसाहित्याचे अभ्यासक. हे तुला माहीत असावं म्हणून सांगितलं. पण हे दाखले परवान्यासारखे खिशात घेऊन फिरू नकोस. गाव आपलंच आहे, ते कुणाला पटवून द्यायचं नाही.

कुठे स्फोट झाला की खोलीतल्या नजरा तुझ्याकडे वळतात म्हणालास. एका निरपराध माणसाचा जीव घेणं म्हणजे सगळ्या माणसांचा जीव घेणं, असं कुराण सांगतं. मारणारेही कुराणाचंच नाव घेतात, ते आपण नाकारू शकत नाही, आणि त्यांच्या बॉम्बनी मशिदींतले नमाजीही मारलेत. तुला जेवढं दुःख होईल तेवढं बोल. आरोपी म्हणून खुलासा द्यायचा नाही.

मित्र म्हणून विचारणारा आणि फिरकी घ्यायला विचारणारा, दोन्ही तुला पहिल्या वाक्यातच ओळखता येतील. पहिल्याला वाटेल तितका वेळ दे. दुसऱ्याला म्हणावं, 'अभ्यास आहे रे,' आणि खरंच अभ्यासाला बस.

ईदला रूमवरच्या सगळ्यांना घेऊन ये. कोण शाकाहारी आहे ते आधी कळव, वेगळी भांडी काढते. शीरखुर्म्यात दूध, शेवया, खारीक आणि सुकामेवा असतो, मटण नसतं. तुझ्या त्या कोल्हापूरच्या मित्राने विचारलं होतं ना, त्याला सांग. मेसवाले रोज्यात पहाटे सहरीच्या जेवणाला डबा देणार का, ते अब्बा विचारतायत. नसतील देणार तर मी धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी पाठवते.

तुझी,
अम्मी