आधी बुंध्याशी बोट खुपस, मग पाण्याचं बघू

पुणे, ९ मार्च

प्रिय अवि,

नर्सरीतून आणून नुकत्याच लावलेल्या तुझ्या गुलाबांच्या पाचही कुंड्यांचे फोटो पाहिले. पानं लोंबलीत, कळ्यांच्या माना पडल्यात आणि तू सकाळ-संध्याकाळ पाणी ओततोयस. ते आधी थांबव. कोमेजलेलं रोप तहानलेलंच असतं असं नाही. मुळं कुजली तरी पानं अगदी अशीच लोंबतात, कारण कुजलेलं मूळ पाणी ओढूच शकत नाही. तहान आणि कुज यांचे उपाय एकमेकांच्या उलटे आहेत, तेव्हा कुठल्या कुंडीला काय झालंय ते आधी ओळख.

उद्या ऊन चढायच्या आत एकेक रोप बघ. रात्रीत पानं ताठ झाली असतील तर फार बिघडलेलं नाही. तुझी टेरेस पश्चिमेची, त्यात लादीची धग. नव्या मुळांना दुपारी तेवढा पुरवठा झेपत नाही इतकंच. सकाळीही मान खालीच असेल तर मातीत दोन पेरं बोट घाल. कुंडीच्या कडेला नाही, अगदी बुंध्याला लागून.

बुंध्यालाच का, ते सांगतो. हडपसर-मांजरी-उरुळीकडच्या नर्सऱ्यांतून येणारा गुलाब बहुधा चिकण मातीच्या घट्ट हुंडीत, म्हणजे मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्यात असतो. प्रवासात मुळं हलू नयेत म्हणून ती माती लागते, त्यात नर्सरीवाल्याची चूक नाही. पण तिच्याभोवती तू कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) आणि शेणखताचं भुसभुशीत मिश्रण भरलंस. हुंडी एकदा सुकली की आकसते, कडेने फट पडते आणि वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खालच्या भोकाबाहेर. ताटलीत पाणी दिसतं, आपल्याला वाटतं कुंडी भिजली. कडेची माती ओलीही लागते. आत हुंडी मात्र विटेसारखी कोरडी, आणि रोपाची सगळी मुळं अजून तिथेच.

बोट कोरडं आलं तर विणायच्या जाड सुईने हुंडीत पाच-सहा तिरकी भोकं पाड, सात-आठ सेंटिमीटर खोल, बुंध्यापासून थोडी लांब. मग कुंडी पाण्याच्या टबात ठेव. पाणी हळूहळू वाढव, नाहीतर कोकोपीट तरंगून वर येतं. बुडबुडे थांबेपर्यंत राहू दे, साधारण अर्धा तास. नंतर विटांवर ठेवून पूर्ण निथळू दे आणि ताटली काढूनच टाक. धुऊन चिकण माती काढायचा मोह होईल. या उन्हात नको. तिच्याबरोबर बारीक तंतुमुळं तुटतात, आणि पाणी शोषायचं काम तीच करतात. ते ऑक्टोबरच्या छाटणीच्या वेळी कर.

माती ओलीचिंब असून रोप मलूल असेल तर कुंडी आडवी करून रोप अलगद बाहेर घे. हुंडीवरची पिशवी पूर्ण निघाली होती ना, तेही तेव्हाच दिसेल. तळाशी तुकडा राहिलेला अनेकदा सापडतो. निरोगी मूळ पांढरट किंवा तपकिरी आणि टणक असतं. काळं, आंबूस वासाचं, चिमटीत धरलं की साल निघून येणारं मूळ मेलेलं. ते स्वच्छ कात्रीने काप. इथे मात्र चिकण माती धुवावीच लागते. परत लावताना दोन भाग पोयटा (गाळाची माती), एक भाग जाड वाळू, एक भाग जुनं शेणखत एवढंच वापर. काळी माती नको, ती पाणी धरून बसते. कॉपर ऑक्सिक्लोराइड हे बुरशीनाशक लिटरला अडीच ते तीन ग्रॅम घेऊन एकदा मुळाशी ओत, हातमोजे घालून. डोळा भरलेला जाड सांधा, म्हणजे खालच्या खुंटावर गुलाबाचं कलम जोडलेली जागा, मातीच्या दोन-तीन सेंटिमीटर वर राहू दे.

शेणखत हातात घेऊन पाहा. गरम लागलं, शेणाचा वास आला, की ते कच्चं. त्याने मुळं पोळतात. त्यात पांढरी, इंग्रजी सी-सारखी वळलेली अळी दिसली तर ती हुमणी. ती मुळं कुरतडते आणि रोप ओढताच हातात येतं. वेचून मारणे हाच कुंडीतला खात्रीचा उपाय.

आता वरचा भाग. सगळ्या कळ्या आणि फुलं काढ. जीवावर येईल, पण नवी मुळं यायच्या काळात फुलं पोसणं रोपाला परवडत नाही. लोंबलेले कोवळे शेंडेही खुड. फांदी काळी पडत खाली येत असेल तर ती शेंडेमर. आतला गाभा पांढरा दिसेपर्यंत खाली काप आणि कापलेल्या जागी त्याच बुरशीनाशकाची पेस्ट लाव. रोप काठीला सैल बांध. वाऱ्याने बुंधा हलत राहिला तर नुकती फुटलेली मुळं तुटतात, आणि याकडे कुणी बघतच नाही.

आठ-दहा दिवस कुंड्या ५० टक्क्यांच्या हिरव्या शेडनेटखाली ठेव, सकाळचं कोवळं ऊन चालेल. फारच मलूल रोपावर पारदर्शक पिशवी घाल, पण पूर्ण सावलीत. उन्हात रोप आत उकडून निघेल. रोज दहा मिनिटं पिशवी काढायची, चार-पाच दिवसांनी कायमची. बारा इंची कुंडीला एका वेळी दीड-दोन लिटर पाणी, सकाळी, हळूहळू. पुढचं पाणी बुंध्याशी बोटाचं पेर कोरडं लागल्यावरच. डीएपी, युरिया, एप्सम सॉल्ट यातलं काहीही महिनाभर नाही. आजारी मुळाला खत म्हणजे मीठच.

जुनी पानं पिवळी पडून गळतील, गळू देत. दोन-तीन आठवड्यांत पानाच्या बगलेत तांबूस कोंब दिसले की मुळं धरली समज. महिन्याने कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड आणि दोन मुठी जुनं शेणखत.

कोंब आलेच नाहीत तर नखाने साल खरवड. हिरवं दिसलं तर थांब. सांध्याच्या वर सगळं तपकिरी आणि फूट फक्त खालून, तर तो नुसता खुंट, म्हणजे कलमाखालचं जंगली रोप आहे. त्यावर तुझं फूल येणार नाही, काढून टाक.

मुळांचे फोटो पाठव, उजेडात काढलेले.

तुझा,
मिलिंद