पूर ओसरल्यावर धावून आलेल्यांचे आभार

कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं ३९ फुटांची इशारा पातळी गाठली की नदीकाठच्या आमच्या सोसायटीत गाड्या हलवायच्या, लिफ्ट वरच्या मजल्यावर थांबवून तिचा मेन स्विच पाडायचा, हे २०१९ च्या महापुरानंतर पक्कं ठरलं. ४३ फुटांच्या धोका पातळीची वाट बघायची नाही.

पण खरं काम पाणी उतरल्यावरचं, आणि ते नावही न सांगता आलेल्यांनी केलं. तालमीच्या पोरांनी गाळ ओला असतानाच खोऱ्यांनी ओढला; वाळला की तो फरशी सोडत नाही. पंपवाल्या मामांनी जमिनीखालची टाकी लगेच उपसू दिली नाही, हे फार मोठं. भोवतालच्या मातीत पाणी भरलेलं असताना रिकामी टाकी खालून उचलली जाते, तळाला तडे जातात. चार दिवसांनी टाकी उपसून, घासून धुतली आणि पुन्हा भरली. मग हजार लिटरला १५० ग्रॅम, ३३ टक्के क्लोरीनची ब्लीचिंग पावडर कालवून दिवसभर ठेवली आणि ते पाणी सोडून दिलं. गाळ राहिला तर क्लोरीन त्यातच खर्ची पडतं. वायरमननी मीटरपेटी पूर्ण सुकल्यावरच एकेक फ्लॅट जोडला.

झुणका-भाकरी पाठवणाऱ्या मावश्यांसह तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. टाकीचं तोंड आता उंच बांधून घेतलंय, एकदा येऊन बघून जावा.