यंत्र लाखमोलाचे, ट्यूब मात्र कशीही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रक्ततपासणीच्या स्वयंचलित यंत्रांवरचा लेख आपल्या पुरवणीत वाचला. यंत्रे अचूक झाली आहेत हे खरेच. पण रक्त ज्या ट्यूबमधून त्यांच्यापर्यंत पोहोचते, तिच्यावर लेखात एक ओळही नव्हती. आम्हा प्रयोगशाळेतल्यांना याचे नवल नाही. खरेदीच्या यादीतही ती कापूस आणि हातमोज्यांच्याच रांगेत असते, आणि जो स्वस्त देईल त्याच्याकडून घेतली जाते.

या ट्यूबमध्ये मोजून घातलेले रसायन असते आणि रक्त आत ओढण्यासाठी मोजूनच ठेवलेली निर्वात पोकळी. निळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये रक्त गोठू न देणाऱ्या सायट्रेटच्या एका भागाला नऊ भाग रक्त यायला हवे. प्लास्टिकमधून हवा हळूहळू आत शिरते. पोकळी उणावली की रक्त कमी येते, सायट्रेट जास्त ठरते आणि रक्त गोठण्याचा वेळ उगाचच लांबलेला दिसतो. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनसारख्या गोळ्यांचा डोस याच आकड्यावर ठरतो! जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये ईडीटीए हे गोठणे थांबवणारे रसायन सगळीकडे सारखे पसरलेले नसेल, तर बारीक गुठळ्या होतात, त्यांत प्लेटलेट अडकतात आणि धडधाकट माणसाच्या प्लेटलेट घसरल्याचा रिपोर्ट हातात पडतो.

बोल मात्र रक्त काढणाऱ्यालाच. ट्यूब अर्धवट भरली की काही जण झाकण उघडून दुसऱ्या ट्यूबमधले रक्त तीत ओततात. हे चूकच, त्याचे समर्थन नाही. जांभळ्यातले रक्त पिवळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये (हिच्यात रक्तपेशी आणि वरचा द्रव वेगळे ठेवणारा जेल असतो) गेले तर पोटॅशियम वाढलेले आणि कॅल्शियम घटलेले दिसते, कारण ट्यूबमधले ईडीटीए पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपात असते आणि ते कॅल्शियमला बांधून ठेवते. पण ट्यूब मुळात पुरती भरली असती, तर ही वेळ आली असती का?

या ट्यूबसाठी आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचे आयएसओ ६७१० हे मानक आहे. परिणामावर फरक पाडणारे साहित्य वापरण्याआधी पारखून घ्या, असे प्रयोगशाळांसाठीचे आयएसओ १५१८९ सांगते. तपासणीच्या रसायनांच्या बाबतीत हे निष्ठेने होते, ट्यूबच्या खोक्यावर मात्र नुसती मुदत पाहिली जाते. खरे तर नव्या लॉटमधल्या काही ट्यूबनी पाणी ओढून त्यांचे वजन करणे, काही सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून जेल नीट बसतो का ते पाहणे, याला एक सकाळ पुरते.

शिवाय ट्यूबचा लॉट क्रमांक रुग्णाच्या नोंदीला जोडलेला असावा. दोष मागाहून उघड झाला, तर कोणाकोणाला फेरतपासणीला बोलवायचे हे तरी कळेल.

आपली,
एक प्रयोगशाळा तंत्रज्ञ