कुत्रा जरूर आण, नंदू

नाशिक,
रविवार

प्रिय नंदू,

तुझं पत्र मिळालं. पाथर्डी फाट्याच्या फ्लॅटचा ताबा मिळाला हे वाचून जीव भांड्यात पडला. बिल्डरने आणखी किती दिवाळ्या काढायला लावल्या असत्या कोण जाणे. कोल्हापूर सोडताना तुला जड जाणार, तांबड्या-पांढऱ्याची आठवण येणार. इथली मिसळ त्यावर थोडाफार उतारा आहे, तो आल्यावर बघू.

पण पत्राच्या शेवटी तू घाईघाईत जे खरडलंस, 'चिरंजीव लॅब्रॅडॉर आणायचा म्हणतो, सोसायटीवाले त्रास देतील का, तू सेक्रेटरी आहेस तर सांग', त्याचं उत्तर मला फोनवर देता आलं असतं. मुद्दाम दिलं नाही. फोनवर तू 'हो हो' म्हणतोस आणि विसरतोस. कागदावर असलं की वहिनी तरी वाचतील.

आधी तुझी धास्ती काढून टाकतो. सोसायटी तुला कुत्रा पाळू नकोस असं सांगू शकत नाही. भारतीय प्राणी कल्याण मंडळाने 2015 साली मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. बहुमताने ठराव केला तरी बंदी घालता येत नाही, कुत्रा घेऊन लिफ्टमध्ये येऊ नका असं म्हणता येत नाही, त्याचे वेगळे पैसेही लावता येत नाहीत. आमच्याकडे मागे वार्षिक सभेत एका सभासदांनी बंदीचा ठराव आणला होता. मी त्या सूचनांची प्रत पुढे ठेवली तेव्हा ते वैतागून म्हणाले, "म्हणजे कुत्र्यांना हक्क, आणि आम्ही काय करायचं?" सभा हसली. मला हसू आलं नाही. कारण त्याच सूचनांत सार्वजनिक जागी कुत्रा पट्ट्याला असावा, त्याने घाण केली तर मालकाने उचलावी, हेही सांगितलंय. आमच्या इमारतीतल्या श्वानप्रेमींना पहिला भाग पाठ आहे. दुसरा अजून कुणी मोठ्याने वाचलेला मी ऐकला नाही.

आता जे सांगतो ते नीट वाच. गेल्या पावसाळ्यात आमच्या शेजारच्या गल्लीतल्या एक आजी कोथिंबीर आणायला निघाल्या होत्या. हातात काठी, पण चाल ठणठणीत. समोरच्या पार्किंगमधून एक कुत्रा सुटा पळत आला. तरणाबांड, खेळकर, शेपूट हलवत. तो त्यांच्या अंगावर गेलाच नाही, जवळ येऊन थबकला. आजी दचकून मागे सरकल्या, गतिरोधकाला पाय लागला आणि पडल्या. खुबा मोडला. ऑपरेशन झालं, रॉड घातला, आणि त्यांचं एकटीने बाहेर पडणं संपलं ते संपलंच. मालक धावत आला, त्यानेच रिक्षा बोलावली, पुढे फळं घेऊन भेटायलाही गेला. माणूस वाईट नाही. पण त्याच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते, "चावला नाही ना?" आणि नंतर गल्लीत चर्चा झाली तीही तेवढीच. चावला नाही, मग त्यात कुत्र्याचा काय दोष?

कुत्र्याचा दोष नव्हताच. तो कुत्र्यासारखा वागला. दोष ज्याच्या हातात पट्टा असायला हवा होता त्याचा. आणि कायदासुद्धा दातांबद्दल बोलत नाही, हे मला त्यानंतर मुद्दाम वाचल्यावर कळलं. भारतीय न्याय संहितेचं कलम 291 बघ. आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत होण्याचा संभव असेल, आणि तो टाळण्यापुरती काळजी जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणाने घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जुन्या दंड संहितेत हा दंड 1000 होता. यात 'चावा' हा शब्द कुठेच नाही. आणि हाड मोडणं ही त्याच संहितेच्या हिशेबाने गंभीर दुखापत आहे. आजींच्या मुलाने तक्रार केली नाही, शेजारधर्म म्हणून. त्याचा तो मोठेपणा. पण मालकाने त्यावर विसंबून राहावं असं मला वाटत नाही.

इथे आल्यावर तू सकाळी फिरायला जाशीलच. गोल्फ क्लबचं मैदान तुला लांब पडेल, कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅकही लांबच. पण एकदा माझ्याबरोबर दोन्हीकडे चल. पहाटे हास्यक्लबवाले, गुडघ्याला पट्टा बांधलेले काका, पोलीसभरतीची तयारी करणारी पोरं, बाबागाडी ढकलणाऱ्या आया, अशी सगळी एकाच वाटेवर. या गर्दीत काही कुत्रेवाले इतके व्यवस्थित असतात की त्यांच्याकडून शिकावं. समोरून लहान मूल आलं की पट्टा आखडता घेतात, कडेला उभे राहतात, मूल पुढे गेलं की मग चालतात. आणि काही जण पट्टा स्वतःच्या गळ्यात मफलरसारखा टाकतात आणि कुत्रा पुढे मोकळा! पट्टा आणला ही हजेरी लागली, बस्स. तिसरा प्रकार त्या लांब होणाऱ्या दोरीच्या पट्ट्यांचा. कुत्रा वाटेच्या त्या बाजूला, मालक या बाजूला मोबाईलवर, आणि मधे ती बारीक दोरी पहाटेच्या अंधारात कुणाला दिसते? धावणारा पोरगा तिच्यावर आपटला तर त्याची भरती गेली. साधा चार-पाच फुटी, रुंद पट्टा घे. दिसायला फॅशनेबल नसेल, पण कुत्रा तुझ्याजवळ राहील.

आणि हे सगळे एक वाक्य म्हणतात: "आमचा काही करत नाही हो, घाबरू नका." नंदू, तू हे वाक्य नाशिकच्या रस्त्यावर एकदाही उच्चारणार नाहीस असं मला आधी वचन दे. समोरच्याने घाबरावं की नाही हे आपण कोण ठरवणार? त्याला लहानपणी कुत्रा चावला असेल, पोटात चौदा इंजेक्शनं घेतलेल्या पिढीतला असेल, किंवा काहीही झालेलं नसेल आणि त्याला नुसती भीती वाटत असेल. रस्ता त्याचाही आहे. लहान मुलांना सांगतात, 'पळू नकोस, स्थिर उभा राहा.' सल्ला बरोबर आहे, पण सहा वर्षांच्या मुलाने शाळेच्या बसपर्यंत जाण्यासाठी हे प्रशिक्षण का घ्यावं?

शिवाय 'काही करत नाही' हे मालकाला घरातल्या कुत्र्यावरून माहीत असतं. सोफ्यावर लोळणारा कुत्रा बाहेर गेला की सायलेन्सर काढलेली बुलेट जाते, कुठे फटाका फुटतो, कुठे माजावर आलेली मादी असते. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे गल्लीतली भटकी कुत्री. प्रत्येक टोळीची आपली हद्द असते. पट्ट्याशिवायचा पाळीव कुत्रा त्या हद्दीत शिरला की जुंपतेच, आणि चावा बसतो तो बहुधा सोडवायला मधे पडलेल्या माणसाला. 2025 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीची भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश दिला आणि अकरा दिवसांत तो बदललाही, तेव्हा आमच्या ग्रुपवर दोन्ही बाजूंनी रणकंदन झालं. गंमत अशी की त्यात हिरिरीने भटक्यांविरुद्ध लिहिणाऱ्यांपैकी एकाचा स्वतःचा कुत्रा रोज संध्याकाळी मोकळा असतो.

जातीचंही असंच. केंद्राने 12 मार्च 2024 ला पिटबुल, रॉटवायलर वगैरे 23 जातींवर बंदी आणायचं पत्रक काढलं. एप्रिलमध्येच दिल्ली उच्च न्यायालयाने ते रद्द केलं, संबंधितांचं ऐकून घेतलं नव्हतं म्हणून. चिरंजीव म्हणेल, लॅब्रॅडॉर त्या यादीत नाही, म्हणजे आपण सुटलो. आजींना पाडणारा कुत्राही त्या यादीतला नव्हता.

आता थोडं लशीचं, कारण यात मी गप्प बसणार नाही. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस, मग डॉक्टर सांगतील तसा बूस्टर, आणि लसीचं कार्ड घरात सापडेल अशा जागी. महापालिकेकडे नोंदणीही करून घे. एवढं करूनही समजा तुझ्या कुत्र्याने कुणाला चावलं, तर 'लस दिलेली आहे, काळजी करू नका' म्हणून त्या माणसाला घरी पाठवू नकोस. जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायला लाव. हळद, चुना, मिरची काही लावू देऊ नकोस. लगेच सिव्हिल किंवा जवळच्या दवाखान्यात स्वतः घेऊन जा. इंजेक्शनं दंडात घेतात, पहिलं त्याच दिवशी, आणि तो दिवस शून्य धरून पुढची तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, अठ्ठाविसाव्या दिवशी. जखम खोल असेल तर जखमेत वेगळं औषधही टोचतात. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचं आणि तो धडधाकट आहे की नाही ते त्या घरी कळवत राहायचं. दहा दिवस वाट बघून मग इंजेक्शन, असं मात्र चालत नाही. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळपास वाचतच नाही. आणि आपला कुत्रा आहे हे नाकारून फ्लॅटचं दार लावून घेणारे मालक मी पाहिलेत. त्यांच्यामुळे समोरच्याला दहा दिवस झोप लागत नाही.

शी उचलायची पिशवी खिशात ठेव, यावर जास्त लिहीत नाही. फक्त एक: त्यातून जंतांची अंडी मातीत जातात आणि त्याच मातीत आपली नातवंडं खेळतात. 'माती आहे, जिरेल' म्हणणाऱ्यांना हे सांगत जा.

पाथर्डीचा म्हणून एक वेगळा मुद्दा. शहराच्या कडेला मळे, नाले आणि ऊस आहे, आणि बिबट्या आता नाशिकमध्ये गंगापूर रोडपर्यंत येऊन दर्शन देऊन जातो. त्याला कुत्रा हे सोपं भक्ष्य. रात्री उशिरा कुत्र्याला कडेच्या रस्त्यावर मोकळं सोडणारे फक्त कुत्र्याचा जीव पणाला लावत नाहीत, बिबट्याला वस्तीची वाटही दाखवतात. दिवाळीत आणि रंगपंचमीला, इथे रहाडींच्या, म्हणजे रंगाने भरलेल्या हौदांच्या, दिवशी काय गोंधळ असतो तुला माहीत आहे, त्याला बाहेर काढूच नकोस. भेदरलेला कुत्रा पट्टा तोडून कुठे जाईल सांगता येत नाही.

तू म्हणशील, एवढं सगळं बांधून ठेवायचं तर पाळायचा कशाला? बांधून ठेव असं मी म्हणतच नाही. उलट प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा 1960 चा कायदा सांगतो की कुत्र्याला आखूड साखळीला तासन् तास बांधून ठेवणं आणि नेहमी बांधलेल्या कुत्र्याला फिरवायला न नेणं हाच गुन्हा आहे. लॅब्रॅडॉरला तर दोन वेळा चांगलं चालवावं लागतं, नाहीतर तो तुझ्या चपला आणि वहिनींचा सोफा दोन्ही खाईल. म्हणजे बाहेर न्यायचंच आहे, रोज, आणि पट्ट्याला धरून.

म्हणूनच तुला खरा प्रश्न विचारतो, तोही चिरंजीवाला नाही, तुला. धरणार कोण? चिरंजीव पुण्यात नोकरीला, शनिवार-रविवार येणार, फोटो काढणार आणि सोमवारी पहाटे पुण्याची बस पकडणार. आमच्याकडे अशा घरांतले कुत्रे शेवटी कामवाल्या मावशींच्या दहा वर्षांच्या मुलाच्या हातात जातात. कुत्रा त्या मुलाला फिरवत असतो. ते बघून माझ्या पोटात गोळा येतो. मालकाच्या येत नाही. पूर्ण वाढलेला लॅब्रॅडॉर तीस किलोच्या आसपास भरतो. समोर मांजर दिसलं आणि त्याने हिसका मारला, तर तुझा उजवा गुडघा तो झेलणार आहे का? मागच्या वर्षी वणीच्या पायऱ्या तू कशा उतरलास ते मी पाहिलंय. वहिनींचं तर नावच काढू नकोस.

तेव्हा क्रम असा ठेव. आधी इथल्या हाडांच्या डॉक्टरांना गुडघा दाखव. मी वेळ घेऊन ठेवतो. त्यांनी होकार दिला तर पिल्लू आणा, आणि पहिले काही महिने त्याला पट्ट्याला न ओढता चालायला शिकवायला मी येईन सकाळी. त्यांनी नाही म्हटलं तर एखादा लहान चणीचा गावठी कुत्रा बघू. इथे निर्बीजीकरण आणि लसीकरण झालेली गोड पिल्लं दत्तक मिळतात, आणि ती इथल्या उन्हाला सरावलेलीही असतात. चिरंजीवाला फोटोला तोही चालेल.

सामान कधी हलवतोयस ते कळव, टेम्पोवाला माझ्या ओळखीचा आहे. वहिनींना नमस्कार.

तुझा,
बाळ्या