गुडघा गेला म्हणजे पैलवान संपला का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वर्तमानपत्रात सुमोची, म्हणजे जपानी कुस्तीची, बातमी क्वचितच येते. आली तरी अवाढव्य देहाचा फोटो आणि खाली किती स्पर्धा जिंकल्या त्याचा आकडा, एवढ्यावर भागतं. तेरुनोफुजी या मंगोलियन पैलवानाबद्दल लिहाल तेव्हा कृपया तेवढ्यावर थांबू नका. १० विजेतेपदं, ७३वा योकोझुना (सुमोतला सर्वोच्च किताब), जानेवारी २०२५मध्ये निवृत्ती, हे सगळं खरंच आहे. पण मला त्याचा मार्च २०१९ सांगायचा आहे.

मुलगा उलानबातरचा, मूळ नाव गान-एर्देने. २००९मध्ये तो जपानला शाळेत शिकायला आला आणि मे २०१५मध्ये पहिली मोठी स्पर्धा मारून ओझेकी झाला. ओझेकी म्हणजे योकोझुनाच्या खालची पायरी. वय अवघं २३. त्याच सप्टेंबरात गुडघा गेला. पाठोपाठ मधुमेहाने गाठलं. सुमोत दर स्पर्धेनंतर क्रमवारी नव्याने लागते, आणि गैरहजर राहिलं तर खाली घसरावंच लागतं. घसरत घसरत तो सहापैकी पाचव्या श्रेणीत, जोनिदानमध्ये आला. ओझेकी राहिलेला पैलवान इतका खाली येऊन पुन्हा आखाड्यात उतरल्याचं त्याआधी कधी घडलं नव्हतं.

खाली येणं म्हणजे नुसता नंबर जाणं नव्हे. पगार फक्त वरच्या दोन श्रेण्यांना. कुस्तीच्या वेळची रेशमी मावाशी (कमरेला गुंडाळायचा जाड लंगोट), हाताखालची पोरं, सगळं तिथेच राहतं. खालच्यांनी काळी सुती मावाशी नेसायची आणि सकाळी, खुर्च्या रिकाम्या असताना, नवख्या पोरांशी लढायचं. कालपर्यंत हजारोंच्या टाळ्या घेतलेला माणूस मार्च २०१९मध्ये ओसाकात तसा उतरला. सातच्या सात कुस्त्या त्याने जिंकल्या, पण बरोबरीत राहिलेल्या पैलवानाशी झालेल्या जादा निर्णायक लढतीत हरला. तरी थांबला नाही. जुलै २०२०मध्ये पहिल्या श्रेणीत परतला आणि त्याच स्पर्धेत विजेता झाला. वर्षभराने योकोझुना.

यात मोठा वाटा त्याच्या वस्तादांचा. ते स्वतः जुने योकोझुना, असाहीफुजी. ‘मी सोडतो’ म्हणत तेरुनोफुजी त्यांच्याकडे कितीदा गेला, पण त्यांनी त्याला सोडू दिलं नाही. आधी तब्येत सुधार, मग बघू, असं समजावत राहिले.

हे इतकं मनाला लागायचं कारण माझ्या घरातच आहे. पुतण्या सहा वर्षं तालमीत होता. मॅटवर गुडघा फिरला, ऑपरेशन झालं. पाय हळूहळू बरा झाला, पण तालमीतून कुणी विचारपूस करायला आलं नाही. जत्रेत लोक त्याच्या तोंडावर म्हणाले, ‘याचं आता संपलं.’ परत उतरायचं तर ज्यांना पाडलं होतं त्यांच्याकडून आधी पडावं लागणार, ती लाज त्याला झेपली नाही. आज दुधाची गाडी चालवतो. हिंडतो-फिरतो, पण मांडी घालून बसत नाही.

त्याला मी मोबाइलवर योकोझुनाचा मानाचा विधी दाखवला. तेरुनोफुजी खोल बैठक घेतो, दोन्ही हात पसरतो आणि पायाची बोटं मातीत सरकवत इंचाइंचाने वर येतो. पुतण्याने ना कमरेचा पांढरा दोर पाहिला, ना गर्दी. नजर गुडघ्यांवर. ‘काका, हा एवढा खाली बसतो कसा?’ त्याने तो तुकडा तीनदा मागे घेऊन पाहिला.

आपला पेपर आमच्या भागातल्या तालमींत रोज येतो. जोर-बैठका झाल्या की पोरं आधी खेळाचं पान उघडतात. त्या पानावर एकदा तरी जोनिदानमधल्या त्या सात कुस्त्या सविस्तर छापा.

आपला,
एक जुना कुस्तीशौकीन,
शिराळा, जि. सांगली