जुना मोबाईल टबवाल्याला द्यायच्या आधी त्यातले फोटो काढून घ्या

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या मोबाईलवर जो लेख आला तो मी दुकानात बसून दोनदा वाचला. लेख चांगला होता, पण शेवटी लिहिलंय की घरातले बंद पडलेले जुने कॅमेऱ्याचे फोन म्हणजे नुसती अडगळ, दिवाळीच्या साफसफाईत काढून टाका. हे वाचून मला राहवलं नाही म्हणून हे पत्र लिहितोय. मी कराडला एसटी स्टँडजवळ २००४ पासून मोबाईल रिपेअरिंग करतो, माझ्या हाताखालून असले फोन किती गेले त्याची मोजदाद नाही, आणि त्यातल्या एका फोनबद्दल तर मला पोटतिडकीनं सांगायचंय, तो म्हणजे नोकिया ६६००. आम्ही दुकानात त्याला नुसतं सहासष्टशे म्हणायचो.

आधी एक दुरुस्ती. लेखात याला पहिला कॅमेरा फोन म्हटलंय ते बरोबर नाही. कॅमेऱ्याचा फोन पहिल्यांदा विकायला आला जपानमध्ये, १९९९ साली, क्योसेराचा व्हीपी-२१०, त्यात वीस फोटो बसायचे. त्यानंतर २००० च्या नोव्हेंबरात शार्पचा जे-एसएच०४ आला, त्याच्या मागच्या बाजूला कॅमेऱ्याशेजारी छोटासा आरसा होता, स्वतःचा फोटो काढताना चेहरा नीट येतोय का बघायला. नोकियाचं म्हणाल तर कॅमेऱ्याचा पहिला स्मार्टफोन ७६५०, तो २००२ ला आला, सरकवून उघडायचा. दिसायला लई देखणा, पण मेमरी कार्डाची सोयच नव्हती, सगळं मिळून ४ एमबी, त्यातच फोटो, त्यातच मेसेज, त्यातच गेम. ६६०० जाहीर झाला २००३ च्या जूनमध्ये, आणि त्यात कार्ड टाकायला जागा होती. आज वीस वर्षांनी या एका गोष्टीनं केवढा फरक पडलाय ते मी रोज बघतो म्हणून सांगतोय.

ज्यांनी तो हातात धरला नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. अंड्यासारखा गोल, खाली निमुळता, वजन सव्वाशे ग्रॅमच्या आसपास, जाडी दोन सेंटिमीटरच्या वर, शर्टाच्या खिशात टाकला की खिसा एका बाजूला ओढायचा. स्क्रीन १७६ बाय २०८ पिक्सेलची आणि ६५ हजार रंगांची, मधे पाच बाजूंनी दाबता येणारी जॉयस्टिक, मागं वरच्या अंगाला कॅमेऱ्याची काच. फ्लॅश नव्हता. फोटो ६४० बाय ४८० चा, म्हणजे साधारण तीन लाख पिक्सेल, ज्याला व्हीजीए म्हणायचे. रात्री काढला तर फोटोत नुसते दाणे दिसायचे, पण सकाळच्या उन्हात अंगणात काढलेला फोटो आजही बघा, चेहरा चेहऱ्यासारखा येतो. व्हिडिओ दहा सेकंदांचा, आवाजासकट. ब्लूटूथ होतं, इन्फ्रारेड होतं. आजच्या अँड्रॉइडसारखी तेव्हाची सिम्बियन सिस्टिम होती म्हणजे वरनं सॉफ्टवेअर टाकता यायची, कुणी डिक्शनरी टाकायचं, कुणी गाणी वाजवायला प्लेअर टाकायचं, कारण एमपीथ्री मुळात चालायचं नाही. त्या काळात एखाद्या सेकंडहँड मोटरसायकलच्या पैशात हा फोन यायचा, त्यामुळं गावात ज्याच्याकडं असेल त्याच्याकडं लग्नाला, बारशाला, जत्रेला फोटो काढायचं काम आपोआप यायचं. नेमकी हीच गोष्ट लेखात राहून गेली. आपल्याकडच्या कितीतरी घरांत २००४ ते २००८ या काळातले घरगुती फोटो फक्त असल्या फोनमध्येच आहेत, कारण तेव्हा रोलचे कॅमेरे बंद होत आले होते आणि कॉम्प्युटर घरी नव्हता, मग फोटो काढला तो फोनमध्येच राहिला, ना प्रिंट ना सीडी.

मला हे एवढं का लागतंय तर त्याला कारण आहे. २००४ च्या जूनमध्ये कॅबिर नावाचा व्हायरस निघाला, मोबाईलवर पसरणारा पहिला व्हायरस त्यालाच म्हणतात, तो ब्लूटूथवरनं यायचा आणि सहासष्टशेसारख्या सिम्बियन फोनलाच धरायचा. फोनवर विचारणा यायची, कॅरिब नावाची फाईल घ्यायची का, माणूस हो म्हणून मोकळा. मग फोन चालू केला की स्क्रीनवर ते नाव यायचं आणि फोन सारखा आसपासचे ब्लूटूथ शोधत बसायचा, बॅटरी अर्ध्या दिवसात खलास. आमच्याकडं तो यायला पुढचं वर्ष उजाडलं. मी तेव्हा नवीनच धंद्यात. एक उसाचे शेतकरी फोन घेऊन आले, बॅटरी टिकत नाही म्हणाले, मी बघितलं तर कॅरिब. मला एकच इलाज ठाऊक होता, स्टार हॅश ७३७० हॅश हा फोन पुसायचा कोड दाबायचा, वर सिक्युरिटी कोड १२३४५, की फोन कोराकरकरीत. मी विचारलंसुद्धा नाही की आत काय आहे. फोन हातात घेतल्यावर त्यांनी गॅलरी उघडली आणि तसेच उभे राहिले. त्यांच्या आई महिन्याभरापूर्वी गेल्या होत्या, आणि आईचा रंगीत फोटो तेवढ्या फोनमध्येच होता. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये फोन मेमरी ठेवलेली, कार्डावर एकही फोटो नाही. ते मला एक शब्द वाकडं बोलले नाहीत, पैसे किती झाले एवढंच विचारलं. मी पैसे घेतले नाहीत, पण त्यानं काय होतंय. त्या दिवसापासून फोन हातात आला की पहिला प्रश्न, फोटो कुठं आहेत, आणि ते काढून दिल्याशिवाय मी स्क्रू ड्रायव्हर लावत नाही.

आता दुसरा अनुभव, मागच्याच महिन्यातला. एक मावशी आल्या, साठीच्या पुढच्या, हातात स्टीलचा छोटा डबा. डब्यात कापडात गुंडाळलेला काळा सहासष्टशे. दारावर टबवाला आला होता, म्हणाल्या, तो मोटरसायकलवाला स्पीकरवर ओरडत येतो ना, जुना बंद फुटका मोबाईल द्या आणि टब न्या, बादली न्या, तो. सुनेनं फोन द्यायला काढलाच होता, मावशींनी परत घेतला, कारण तो त्यांच्या मालकांचा, ते जाऊन अकरा वर्षं झाली. आधी दुसरीकडं नेला होता, तिथं सांगितलं कार्ड खराब झालंय आणि फोन फॉरमॅट करावा लागेल. बरं झालं मावशी तिथनं उठून आल्या.

बॅटरी बाहेर काढली आणि आमच्या काउंटरच्या काचेवर ठेवून फिरवली. गरगर फिरली. सपाट बॅटरी काचेवर फिरत नाही, पोट सुटलेलीच फिरते, ही आमची जुनी तपासणी. म्हणजे ती फुगलेली, फोनला लावायची नाही, वाळूच्या डब्यात. पण या फोनची खरी कमाल इथंच आहे साहेब. याची बॅटरी बीएल-५सी, आणि हीच बॅटरी नोकिया ११०० ला लागायची, नंतरच्या कितीतरी फोनला लागली, आणि आज देवघरात वाजणारे जे छोटे भजनाचे स्पीकर मिळतात त्यातही हीच साईज असते. मी शेल्फवरच्या एका स्पीकरमधली चांगली बॅटरी काढली, नखानं मागचं झाकण सरकवलं, बॅटरी बसवली, चालू करायचं बटण दाबून धरलं. चालू झाला. दोन हात एकमेकांना धरतात ती नोकियाची खूण स्क्रीनवर आली आणि मावशींनी पदर तोंडाला लावला.

आता कार्ड. सहासष्टशेत कार्ड बॅटरीच्या खाली असतं, बॅटरी काढल्याशिवाय दिसतच नाही, त्यामुळं लोकांना वाटतं फोनमध्ये कार्ड नाही आणि ते तसंच भंगारात जातं. हे एमएमसी कार्ड, दिसायला एसडी कार्डासारखंच पण पातळ, कॉम्प्युटरच्या बऱ्याच एसडी रीडरमध्ये चालतं. मावशींचं कार्ड मात्र रीडरमध्ये वाचलं जात नव्हतं, म्हणूनच त्या दुसऱ्या दुकानात ते खराब ठरवलं असणार. पण या फोनमध्ये कार्डाला पासवर्ड लावायची सोय होती आणि तेव्हा पोरं हौसेनं लावायची. पासवर्ड लावलेलं कार्ड दुसरीकडं पासवर्ड टाकल्याशिवाय उघडत नाही, ज्या फोनमध्ये लावला त्याच फोनमध्ये न विचारता उघडतं, कारण पासवर्ड फोन लक्षात ठेवतो. फोन फॉरमॅट केला असता तर तो पासवर्डही गेला असता, आणि तो कुणाला आठवत नसेल तर कार्ड कायमचं बंद. मी कार्ड परत त्याच फोनमध्ये बसवलं, गॅलरी उघडली, एकेचाळीस फोटो आणि तीन व्हिडिओ. पेन्सिलचं बटण दाबून धरून जॉयस्टिकनं एकेक फोटोवर टिक केली, बटणाखाली धूळ बसली होती म्हणून दोनदा थिनरचा बोळा फिरवावा लागला, आणि ब्लूटूथनं माझ्या अँड्रॉइडवर घेतले. वीस वर्षांहून जुन्या डिझाईनचा फोन आजच्या फोनला सरळ फाईल देतो. आयफोन ब्लूटूथनं असल्या फाईल घेत नाही, तेवढं लक्षात ठेवायचं.

एका व्हिडिओत त्यांचे मालक कॅमेऱ्यामागं आहेत, दिसत नाहीत, फक्त आवाज येतो, अगं इकडं बघ की, आणि मावशी चुलीपुढनं मान वळवतात. दहा सेकंदांत संपतो. तो पहिल्यांदा लावला तेव्हा माझ्या फोनवर चित्र आलं पण आवाज आला नाही, जुन्या फोनच्या थ्रीजीपी व्हिडिओ फाईलचं तसं होतं कधीकधी, व्हीएलसी प्लेअरमध्ये लावला की आवाज येतो. त्यांनी तो सात-आठ वेळा लावायला सांगितला.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की आपण ज्याला अडगळ म्हणतो तो फोन उघडायला नख पुरलं, बॅटरी दुसऱ्या वस्तूतली चालली, फोटो कार्डावर होते. आज एखादा पाच-सहा वर्षांपूर्वीचा फोन पाण्यात पडून बंद झाला तर बॅटरी गोंदानं चिकटवलेली, मागची काच हीट गननं तापवून सोडवायची, कार्डाचा खाचा नाही, फोटो सगळे बोर्डावरच्या मेमरीत, बोर्ड गेला की फोटो गेले. गिऱ्हाईक माझ्यापुढं बसून रडतं आणि मला हात वर करावे लागतात. युरोपात आता कायदा झालाय, काही अपवाद सोडले तर फेब्रुवारी २०२७ पासून फोनची बॅटरी ग्राहकाला स्वतः काढता-घालता आली पाहिजे. आपल्याकडं केंद्र सरकारनं २०२२ ला दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली, पोर्टल पण काढलं, पण बॅटरीबद्दल असा कडक नियम आपल्याकडंही यावा असं मला मनापासून वाटतं, आणि यावर आपल्या पेपरनं लिहावं. बीएल-५सी च्याच बाबतीत २००७ च्या ऑगस्टमध्ये ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या बदलून द्यायची वेळ आली होती, चार्जिंगला तापायच्या म्हणून, आठवत असेल सगळ्यांना. पण बॅटरी बाहेर निघत होती म्हणून तर लोकांनी मागचा नंबर बघून ती तिथल्या तिथं तपासली आणि फोन घरीच राहिला. आजच्या फोनवर तसली पाळी आली तर अख्खा फोनच जमा करावा लागेल.

वाचकांना एवढंच सांगा. कुठलाही जुना फोन टबवाल्याला, भंगारवाल्याला द्यायच्या आधी बॅटरी काढून खाली कार्ड आहे का बघा. कार्ड आणि फोन एकमेकांपासून तोडू नका, एकाच पिशवीत ठेवा. कार्ड रीडरमध्ये उघडलं नाही आणि कॉम्प्युटर म्हणाला फॉरमॅट करा तर करू नका. फुगलेली बॅटरी लावू नका, टाचणी तर अजिबात मारू नका. फोटो मिळाले की व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवू नका, ते आधीच लहान, त्यात आणखी खराब होतात, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि मोठी फ्रेम करायचा हट्ट नको, तीन लाख पिक्सेलचा फोटो पाकिटात मावेल एवढ्या साईजला छान येतो, भिंतीवरच्या साईजला चेहऱ्याचे चौकोन होतात.

माझ्याकडं कुणी असा फोन घेऊन आलं तर फोटो काढून द्यायचे मी पैसे घेत नाही, पण मी एकटा किती बघणार, आपला पेपर चार जिल्ह्यांत जातो. दिवाळीची साफसफाई पंधरा दिवसांवर आली आहे आणि टबवाले आत्तापासूनच गल्लीत फिरायला लागलेत, तेव्हा पत्र छापायचं असेल तर कृपा करून या आठवड्यातच छापा.

आपला,
एक मोबाईल दुरुस्तीवाला, कराड